नाशिकच्या कॉलेजात शिकवते. पुस्तकाची स्कॅन केलेली पानं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर चालतं का?

मॅडम, शिकवायला लागतात तेवढी पानं टाकायला घाबरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला.

पण तिथे प्रश्न कागदी प्रतींचा होता. त्यामुळे अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ नकोच, आणि ग्रुप वर्गापुरताच ठेवा. तीच फाइल उघड्या टेलिग्राम चॅनलवर गेली की हा बचाव लंगडा पडतो.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. अशाच ग्रुपवर सर्रास गुणांच्या याद्या आणि मुलींचे मोबाइल नंबर फिरतात. तुमच्याकडे असतील तर आजच काढा.