आंबट लागणारे चॉकलेट बिघडलेले असते का?

प्रश्न : सुनेने परदेशाहून मादागास्करच्या कोकोचे ७० टक्क्यांचे डार्क चॉकलेट आणले. आम्ही सर्वांनी एकेक तुकडा चावून खाल्ला आणि 'कडू, शिवाय आंबट' म्हणून उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दिले. आता त्यावर पांढुरका थर दिसतो आहे. ते बिघडले आहे का? आणि अशा महागड्या चॉकलेटमध्ये जाणकारांना एवढे काय सापडते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आंबटपणाबद्दल म्हणाल, तर तो या चॉकलेटचा दोष नसून बहुधा त्याची ओळखच आहे. मादागास्करच्या वायव्येकडील सांबिरानो खोऱ्यातला कोको लाल बेरीफळे आणि लिंबूवर्गीय फळांची आठवण करून देणाऱ्या आंबटपणासाठीच नावाजलेला आहे. कोकोचे फळ फोडले की बियांभोवती सीताफळासारखा पांढरा गर असतो. त्या गरासह बिया साधारण पाच ते सात दिवस आंबवल्या जातात, आणि चॉकलेटच्या चवीचा पाया त्याच काळात घातला जातो. त्या वेळी तयार होणारे आम्ल पुढे वाळवताना, भाजताना आणि घोटताना बरेचसे उडून जाते. (तासन्‌तास घोटण्याचे यंत्र रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणले.) वेष्टन उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला, तर मात्र यातली एखादी पायरी घाईने उरकली गेली, असे खुशाल समजावे.

कडूपणाविषयी माझी थोडी तक्रार आहे. कडू आणि तुरट यांना वेगळी नावे देणारी आपली भाषा. तरीही चॉकलेट समोर आले की आपण दोहोंना 'कडू' म्हणून मोकळे होतो. कारल्याची असते तशी, जिभेवर जाणवणारी चव कडू. आणि जांभूळ किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यावर गाल आतून आवळल्यासारखे होतात, ते तुरट. पुढचा तुकडा खाताना एवढा एकच भेद करून पाहिलात, तरी निम्मे काम झाले. टक्क्यांचा आकडा मात्र दर्जा सांगत नाही; कोको आणि कोको बटर (कोकोच्या बियांतलाच स्निग्ध पदार्थ) मिळून ७० टक्के आहेत आणि उरलेली बहुतेक साखर आहे, इतकाच त्याचा अर्थ.

चावून खाणे ही खरी चूक. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. त्यामुळे तुकडा जिभेवर नुसता ठेवला तरी तो आपोआप विरघळू लागतो आणि चवी एकामागून एक उलगडत जातात. फ्रिजमधल्या थंडगार तुकड्यात हे घडत नाही. सुरुवातीला नाक चिमटीत धरून तुकडा तोंडात ठेवा. फक्त गोड, आंबट, कडू एवढेच कळेल. अर्ध्या मिनिटाने नाक सोडा. श्वास बाहेर पडताच गंध एकदम येतो, आणि आपण ज्याला चव म्हणत होतो त्यातला केवढा भाग नाकाचा होता, हे लक्षात येते. दोन तुकड्यांच्या मध्ये कोमट पाणी प्यावे. लसणीच्या ठेच्याचे जेवण झाल्यावर हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

पांढुरका थर बुरशीचा नसेल, तर अपायकारक नाही. त्यावर पाण्याचे बोट फिरवा : खरखरीत थर विरघळला, तर ती ओल लागून वर आलेली साखर, तुळतुळीत थर बोटाच्या उबेने पुसला गेला, तर ते कोको बटर. उघडी वडी फ्रिजमधून बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, म्हणून तुमच्याकडे पहिली शक्यता अधिक. नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रिजला पर्याय नाही, हे मान्य. परंतु वडी हवाबंद डब्यात ठेवावी आणि बाहेर काढल्यावर डबा न उघडता तासभर तसाच राहू द्यावा.

जमल्यास केरळमधील इडुक्कीच्या कोकोपासून बनवलेली ७० टक्क्यांचीच वडी मागवून दोन्ही शेजारी ठेवून चाखा. एकटी वडी चाखताना 'आंबट' यापुढे शब्द सुचत नाही. शेजारी दुसरी असली, की कोणती अधिक आंबट आणि कोणती अधिक तुरट, हे घरातली मुलेसुद्धा सांगू लागतात.