निअँडर ही नदी नव्हे

प्राचीन मानवाच्या एका जातीचे नाव असलेल्या ‘निअँडरथल’ या शब्दाची फोड ‘निअँडर नदीचे खोरे’ अशी करणे बरोबर आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. बरोबर नाही, आणि हीच फोड वारंवार छापली जाताना पाहून खेद होतो, कारण जर्मनीतल्या ज्या जागेवरून हे नाव आले तेथे निअँडर नावाची नदीच नाही. तेथून वाहते ती ड्युसेल. वुल्फ्राट आणि फेलबर्ट यांच्यामधल्या टेकड्यांत उगम पावून, मेटमान व एर्कराटच्या परिसरात चुनखडीचा खडक कापत, जेमतेम ४० किलोमीटर वाहून ही लहानशी नदी फाटे फुटत ऱ्हाइनला मिळते. ड्युसेलडॉर्फ, म्हणजे ‘ड्युसेलकाठचे गाव’, हे नाव तिच्यावरूनच पडले.

मग नेआंडर, म्हणजे आपण ‘निअँडर’ लिहितो ते, कोण? योआखिम नेआंडर (१६५०–१६८०) हे ड्युसेलडॉर्फच्या लॅटिन शाळेतले शिक्षक आणि भक्तिगीतकार. ड्युसेलच्या त्या अरुंद, उंच कड्यांच्या जागी ते रमत, म्हणून पुढे तिला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे ‘नवा माणूस’. आजोबांनी तत्कालीन विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे त्याचे ग्रीक रूप ‘नेआंडर’ करून घेतले. १८५६ मध्ये तेथील चुनखडीच्या खाणीत प्राचीन हाडे सापडली आणि १८६४ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम किंग यांनी त्या मानवाला नाव दिले, ते या ‘नव्या माणसा’चे! व्युत्पत्तीचा एवढा आनंद देणारे दुसरे नाव मला ठाऊक नाही.

उरला ‘थल’. जर्मन ‘टाल’ म्हणजे दरी. जुन्या लेखनात त्यात ‘ह’चे अक्षर होते, पण त्याचा उच्चार होत नसे, आणि १९०१ च्या लेखनसुधारणेत तेही गेले, शास्त्रीय नावात मात्र जुनेच लेखन कायम राहिले. आपल्याकडचा ‘थ’ इंग्रजी वाचनातून आला आणि माझ्या मते तो टिकला, कारण मराठी कानाला त्यात ‘स्थल’ ऐकू येते. जे रूढ झाले तेच शुद्ध, असे म्हणून ‘थल’चे समर्थन करणाऱ्या कोशप्रेमींशी मी मुळीच सहमत नाही: रूढीने शब्द चालतो, पण त्याच्या अर्थात नसलेली नदी घालण्याचा अधिकार रूढीला मिळत नाही.

‘खोरे’ही येथे सैल पडते. खोरे नदीच्या साऱ्या पाणलोटाचे असते. नेआंडरांच्या काळची ती जागा म्हणजे घळ होती, आणि चुनखडीच्या खाणकामाने ती पुढे नाहीशी झाली. म्हणून ‘ड्युसेल नदीवरील नेआंडरची घळ’ असे लिहावे.