वर्ग सुरू करताय ना ताई, मग आधी एवढंच बघा

ताई, दिव्यांगांसाठी चित्रकलेचा वर्ग काढताय, फार बरं वाटलं. रंग-कागद नंतर घ्या, आधी जागा बघा. तळमजला हवा. दार ९० सेंटिमीटर रुंद असलं की व्हीलचेअर सहज जाते. एक फूट उंच पायरीला बारा फूट लांब उतार लागतो. त्याहून खडा केलात तर ढकलणाऱ्याचाही दम निघतो. संडास तर आधी बघा, त्याच्यावाचून माणसं वर्ग सोडतात.

सुरुवातीला पाच-सहा जण पुरे, वर्ग पाऊण तासाचा. एप्रिल-मे मध्ये सकाळीच घ्या, आपल्या सोलापूरचं ऊन ठाऊक आहेच.

नवीन माणसाच्या हमखास चुका:
- सोबत आलेल्या आईशी बोलणं. जो शिकायला आलाय त्यालाच विचारा. शहराच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत तेलुगू बोलतात, तिथं ती येणारं कुणी जोडीला घ्या.
- खिडकीकडे पाठ करून शिकवणं. ऐकू न येणाऱ्याला, ओठ वाचणाऱ्याला तुमचा चेहरा काळाच दिसतो.
- "थांब, मी नीट करते" म्हणत त्यांच्या चित्रावर आपला ब्रश फिरवणं. हे मी पहिल्या वर्षी केलं. त्या मुलानं कागद उलटा ठेवला, पुन्हा हात लावला नाही. आजही सलतं.

टॉवेल कारखान्यातलं उरलेलं सूत मागून आणा. फेविकॉलनं ते रेघेवर चिकटवून वाळू द्या, न दिसणाऱ्याला बोटांनी चित्र कळतं. पकड कमी असेल तर ब्रशच्या दांड्याला चिंधी गुंडाळा.

पहिलं वर्षभर स्टेजवरचा कार्यक्रम नको. जागा ठरली की कळवा, दार-उतार मोजायला टेप घेऊन येतो.