फलप्रामाण्यवादातले ‘फळ’ कोणाचे?

वाशीम जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारले आहे : तत्त्वज्ञानातला ‘फलप्रामाण्यवाद’ (प्रॅग्मॅटिझम) म्हणजे ‘ज्यात फायदा ते खरे’ असे समजायचे का? आणि तसे समजले तर ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

सर, तसे समजू नका. फळ म्हटले की लाभ आठवतो, घोटाळा तिथेच होतो. इथे फळ म्हणजे परिणाम. एखादी गोष्ट खरी धरून वागले तर अनुभवाला येते ते.

तुमच्याकडचा सोयाबीनचा हंगाम घ्या. बाजार समितीत ढीग ओतलेला. शेतकरी दाणा दाताखाली धरतो, कट्‌कन तुटला की म्हणतो, ‘वाळलं हाय.’ व्यापाऱ्याचे यंत्र मॉइश्चर, म्हणजे ओलावा, १४ टक्के दाखवते. १४ मानण्यात व्यापाऱ्याचा फायदा, १२ मानण्यात शेतकऱ्याचा. फायद्याचे तेच खरे म्हटले तर एकाच ढिगाला दोन ओलावे! फलप्रामाण्यवादी विचारेल : दुसऱ्या यंत्रावर किती येते? नमुना तोलून, भट्टीत सुकवून पुन्हा तोलला तर वजन किती घटते? थप्पी लावल्यावर बुरशी धरते का? ही फळे कोणाचा खिसा बघून येत नाहीत.

अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १८७८ मध्ये हेच मांडले. शोध घेणारे सगळे अखेर ज्या मतावर येऊन ठेपतील, ते सत्य. वस्तुनिष्ठता मोडीत निघत नाही ती यामुळे. त्याच परंपरेतले विल्यम जेम्स १९०७ मध्ये पुढे गेले : विचार मुळात खरा नसतो, घटनांमुळे तो खरा होतो. ‘फायद्या’चा आरोप मुख्यतः त्यांच्यावर झाला, पण त्यांनीही एकट्यादुकट्याची तात्पुरती सोय नव्हे, तर एकंदरीत आणि दीर्घकाळ टिकणारी सोय म्हटले होते. डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांनी तर ‘सत्य’ऐवजी चौकशीअंती साधार ठरलेल्या विधानाची भाषा पसंत केली.

पर्स आणि जेम्स यांच्यातला फरक मला आपल्या क्रियापदांत फार छान दिसतो. वऱ्हाडात म्हणतात, ‘त्याचं म्हननं खरं निंगालं.’ निघते ते आधीपासून आत असावे लागते. हे पर्स यांच्या जवळचे. ‘खरे ठरले’ म्हटले की ठरवणारी घटना पुढे येते, तिथे जेम्स.

‘उपयुक्ततावाद’ मात्र यात मिसळू नका. तो बेंथम-मिल या इंग्रज विचारवंतांचा नीतिविचार. काय करावे हे सांगणारा, काय खरे हे नव्हे.