क्षमा झाल्यावर जे उरतं ते ‘शिक्षा’, ‘परिणाम’ की ‘प्रायश्चित्त’?

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती माणसाने पश्चात्ताप केला, त्याला क्षमा मिळाली, तरी त्या पापापायी पुढे बरंच काही सोसावं लागतं. त्याला मराठीत काय म्हणावं? आणि ‘देवाने क्षमा केली, पण शिक्षा केलीच’ हे वाक्य चालेल का?

चालेल, पण ‘शिक्षा’ कुठल्या अर्थाने ते आधी ठरवावं लागेल. न्यायालयातली शिक्षा म्हणायची असेल तर वाक्य चूक आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातलं पहिलंच वचन सांगतं, की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. ‘दंडाज्ञा’ हा शब्द इथे फार नेमका आहे. दोषी ठरवणारा निकाल आणि त्याबरोबर येणारा दंड, दोन्ही त्यात येतं. निकालच उठला असेल तर त्याखालची शिक्षा शिल्लक राहत नाही. ‘अर्धी क्षमा झाली, उरलेलं आपण भोगायचं’ असा अर्थ निघत असेल तर ते वाक्य बदलायलाच हवं.

पण ‘शिक्षा’ला दुसरा, जुना अर्थ आहे. संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणं. म्हणून हिंदीत आजही शिक्षा म्हणजे अध्ययन, आणि मराठीत ‘शिक्षण’ व ‘शिक्षा’ या सख्ख्या बहिणी वेगवेगळ्या घरी नांदतात. इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायात जो ग्रीक शब्द आहे, ‘पैदेइया’, तो मुलाला वाढवण्याचा, वळण लावण्याचा शब्द आहे. मराठी भाषांतरांत त्यासाठी कुठे शिक्षा, कुठे शिक्षण, कुठे शिस्त असं येतं. तिथे करणारा बाप आहे आणि सोसणारा मुलगा आहे. हा अर्थ धरला तर ‘क्षमा केली आणि शिक्षाही केली’ यात विसंगती नाही. तरीही सध्याच्या मराठीत ‘शिक्षा’ म्हटलं की कानाला तुरुंगच ऐकू येतो. त्यामुळे बोलताना ‘शिस्त लावली’ किंवा ‘वळण लावलं’ म्हणावं, असं माझं मत.

मग सगळीकडे ‘परिणाम’ म्हणून मोकळं व्हावं का? हा शब्द सुरक्षित वाटतो खरा. शिक्षा कोणीतरी करतो, परिणाम आपसूक होतो. खोटं बोलल्यावर विश्वास उडतो, व्यसनाने यकृत बिघडतं, रागाच्या भरात बोललेला शब्द परत घेता येत नाही. गलतीकरांस पत्र 6:7 मध्ये पेरणी आणि कापणी म्हटलं आहे ते हेच. अशा ठिकाणी ‘परिणाम भोगावे लागले’ हा प्रयोग अगदी बरोबर.

दावीद राजाच्या गोष्टीत मात्र ‘परिणाम’ हा शब्द अपुरा पडतो. त्याने उरीयाच्या बायकोशी, बथशेबेशी, व्यभिचार केला आणि उरीयाला लढाईत मारवलं. 2 शमुवेल 12 नीट वाचावा. नाथान संदेष्टा श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची कथा सांगतो आणि दावीद संतापून म्हणतो, चौपट भरून द्यायला लावा. निर्गम 22:1 मधला नियमच तो बोलतो: चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं, बैलाबद्दल पाच बैल. मग ‘तो मनुष्य तूच’ हे ऐकून तो पाप कबूल करतो. 13व्या वचनात क्षमा मिळते: तू मरणार नाहीस. लगेच 14व्यात बथशेबेला झालेल्या बालकाच्या मरणाचा शब्द येतो. आणि तलवार घराण्याला सोडणार नाही, घरातूनच अरिष्ट उठेल, हे 10व्या-11व्या वचनांत कबुलीच्या आधीच सांगितलेलं आहे. क्षमेने ते मागे घेतलं जात नाही. पुढे दावीदाचे मुलगे अम्नोन, अबशालोम आणि अखेर अदोनीया मारले जातात. त्या बालकासह हे चार मुलगे मोजून दावीदाच्याच तोंडचं ‘चौपट’ आठवणारे वाचक पूर्वीपासून आहेत.

यातलं बरंचसं माणसांच्या हातून घडलं. अम्नोनाने वासनेपायी बहिणीवर बळजबरी केली, बाप संतापला पण त्याने काहीच केलं नाही, अबशालोमाने सूड घेतला. बापाच्या पापाचा पडसाद मुलांत उमटलेला दिसतो. पण ‘मी अरिष्ट उठवीन’ असं देव प्रथमपुरुषी म्हणतो. म्हणून इथे ‘आपसूक परिणाम’ म्हणून कर्ता पुसून टाकता येत नाही. ‘क्षमेनंतरही देवाने परिणाम टाळले नाहीत’ हे वाक्य जास्त खरं. गणना 14 मध्येही तोच क्रम आहे: 20व्या वचनात क्षमा, आणि 34व्यात 40 दिवसांच्या हेरगिरीच्या हिशोबाने, दिवसाला एक याप्रमाणे, इस्राएल लोकांना 40 वर्षं रानात.

‘प्रायश्चित्त’ जपून वापरावा. मराठी पवित्र शास्त्रात 1 योहान 2:2 मध्ये हा शब्द ख्रिस्तासाठी आहे: तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त. त्यामुळे प्रोटेस्टंट वाचकासमोर ‘दावीदाने प्रायश्चित्त भोगलं’ म्हटलं तर दावीदाने पापाची किंमत स्वतः चुकवली असा अर्थ पोचतो. कॅथलिक परंपरेत पापकबुलीनंतर धर्मगुरू जे प्रायश्चित्त देतात तो वेगळा, रूढ प्रयोग आहे. तिथे सार्वकालिक आणि ऐहिक शिक्षा असा भेदही आहे, म्हणून लेख कोणासाठी आहे ते पाहून शब्द निवडावा. ‘कर्मभोग’ मात्र दोन्हीकडे नको. त्याच्यामागे पुनर्जन्माची सगळी मांडणी येते.

‘पाप धुतलं, पण डाग राहिला’ हेही खटकतं. डाग म्हणजे दोष, आणि तोच तर धुतला गेला. त्याजागी ‘व्रण राहिला’ म्हणावं: जखम भरली आहे, दुखणं थांबलं आहे, खूण आहे.

एक शब्द या चर्चेत हटकून सुटतो: ‘भरपाई’. ती शिक्षाही नाही आणि परिणामही नाही, ती करायची गोष्ट आहे. लेवीय 6:5 प्रमाणे लुबाडलेली मूळ वस्तू अधिक तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे 100 चे 120, मालकाला परत करायचे, तेही दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणण्याच्याच दिवशी. लूक 19 मध्ये जक्कय नावाचा जकातदार, लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघतो. ‘देवाने क्षमा केली, आता तो विषय संपला’ असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्याचे पैसे असतील तर विषय संपलेला नसतो.

शेवटी वाक्याच्या दिशेबद्दल. ‘या पापामुळे हे सोसावं लागलं’ असं, जिथे संबंध उघड आहे तिथे, म्हणता येतं. ‘एवढं सोसावं लागलं, म्हणजे काहीतरी पाप असणार’ हे उलटं वाक्य करू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले ते इतरांहून मोठे अपराधी नव्हते, हे लूक 13 मध्ये येशूनेच सांगितलं आहे, आणि योहान 9 मधल्या जन्मांधाबद्दल शिष्यांनी तसा प्रश्न विचारला तेव्हाही त्याचं उत्तर ‘याने नाही, याच्या आईबापांनीही नाही’ असंच होतं.