बॉल पायथन उंदराकडे बघतही नाही

प्रश्न : डॉक्टर, गेल्या आठवड्यात बॉल पायथन (लहान जातीचा अजगर) घरी आणला, दोनदा उंदीर दिला पण तोंड फिरवतो, मुलं तर रोज हातात घेतात. काय करू?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आधी मुलांना आवरा! नवीन जागेत हा साप घाबरलेला असतो, अंगाचा गोळा करून डोकं आत लपवून बसतो, तो कसला जेवतोय. आठवडाभर हात लावू नका, नुसतं पाणी बदला. लपायला अंग जेमतेम मावेल अशा दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, गरम बाजू ३१-३२ अंश आणि थंड २५-२६, तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट हवाच. दमटपणा ६० टक्के पुरे, ठाण्याच्या पावसाळ्यात तो आपोआप वाढतो तेव्हा हवा खेळती ठेवा नाहीतर बुरशी धरते. मग संध्याकाळी फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवून, पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करून लांब चिमट्याने द्या, मायक्रोवेव्ह अजिबात नको. नाही घेतला तर परत आठवडाभर थांबा, रोज समोर नाचवू नका. मोठे साप महिनोन्महिने उपाशी राहतात, पण पिल्लाचं वजन उतरायला लागलं तर सरळ व्हेटकडे न्या. आणि हो, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापाची नोंदणी केलीत ना? ती कायद्याने लागतेच.