सोन्याच्या नॅनोकणांवर प्रकाश पडला की अभिक्रिया होते, ती नुसत्या उष्णतेने का?

कण तापतो आणि त्याला चिकटलेले रेणू त्या उष्णतेने बदलतात, एवढंच आहे का, असं तुम्ही विचारलंय. पुण्यात पाषाणला याच विषयावर पीएचडी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उष्णता असतेच, पण सगळं तिच्यामुळे होत नाही.

सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात 520 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते पाणी लाल दिसतं. या प्रकाशात धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून हेलकावतात, हाच प्लाझ्मॉन. दोन कणांमध्ये नॅनोमीटरभर फट असेल तर तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं. टोकदार आकारातही तसंच. (त्रिकोणी सुवर्णकण 2004 साली इथल्याच एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, गवती चहाच्या अर्कातून बनवले होते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं!)

हेलकावा काही फेम्टोसेकंदांत (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) मोडतो आणि त्याची ऊर्जा मोजक्या इलेक्ट्रॉनांना मिळते, हेच तप्त इलेक्ट्रॉन. पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग) आसपास तेही निवतात. तेवढ्यात एखादा इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूत शिरला तर बंध तुटू शकतो. सोनं एरवी हायड्रोजनशी फारसा संबंध ठेवत नाही. पण 2013 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने खोलीच्या तापमानाला, प्रकाशाच्या जोरावर, त्याच्यावर हायड्रोजनचा रेणू तुटतो असं दाखवलं.

मग हे उष्णतेचं काम नाही हे ठरवायचं कसं? प्रकाशाची तीव्रता दुप्पट केली तर तप्त इलेक्ट्रॉन दुप्पट, म्हणून वेगही दुप्पट. उष्णतेने मात्र वेग घातांकी, म्हणजे उत्तरोत्तर जास्त झपाट्याने, वाढतो. कागदावर सोपं आहे. पण तीव्रता थोडीशीच बदलली तर घातांकी वक्रही सरळ रेषेसारखा दिसतो, त्यामुळे तीव्रता आणि वेग यांच्या नुसत्या आलेखावर माझा विश्वास बसत नाही. 2018 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अशाच एका शोधनिबंधावर पुढच्या वर्षी तिथेच आक्षेप छापून आला, आणि तो मुख्यतः तापमान कसं मोजलं यावरच होता.

म्हणून असा निबंध हाती आला की आधी तापमान कुठे मोजलंय ते बघा. बाहेरच्या भांड्याचं तापमान पुरत नाही. कणांच्या पृष्ठभागाचं हवं. रामन वर्णपटाच्या (रेणूंवरून विखुरताना ऊर्जा बदललेल्या प्रकाशाच्या) दोन बाजूंच्या, म्हणजे ऊर्जा घटलेल्या आणि वाढलेल्या प्रकाशाच्या, तीव्रतांच्या गुणोत्तरावरून त्याचा अंदाज काढता येतो. आणि तेवढ्याच तापमानाला अंधारात तीच अभिक्रिया करून पाहिली आहे का, हे नक्की शोधा.